वास बंद झाला

४ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून मिक्सिंग हॉल माझ्या ताब्यात. आधीचे साहेब निवृत्त झाले. जाताना म्हणाले, सगळं नीट चाललंय, उगीच कशाला हात लावू नका. असं मुद्दाम सांगावं लागतं तिथे नक्की कुठेतरी पाणी मुरत असतं.

संकल्प: पहाटे फिरायला जाणे. रागावर ताबा. हॉलमध्ये कडक शिस्त. आणि ही रोजनिशी. खरं तेच लिहायचं, कारण वाचणारा मी एकटाच.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

हॉलमध्ये दारूचा वास येतो.

भास नाही, स्पष्ट वास. आमच्या घराण्यात कोणी थेंबाला शिवलेलं नाही, त्यामुळे माझं नाक या बाबतीत कोरं आहे. कोऱ्या नाकाला लगेच कळतं. आधीच्या साहेबांना इतकी वर्षं कळलं नाही, यावरून काय ते समजावं.

५ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. तपासाला डोकं ताजं हवं म्हणून झोपलो.

दिवसभर मिक्सरशेजारी उभा राहिलो. आमचा कारखाना जुन्या टायरांवर चढवायचे नवे पट्टे करतो. पूर्वी रबरात काजळी घालायचे, आता काजळी रंगापुरती आणि बाकी सिलिका नावाची पांढरी भुकटी. त्याने टायर हलका पळतो, डिझेल वाचतं, गिऱ्हाईक खूश. रबर, सिलिका, तेल आणि ड्रममधलं सिलेन नावाचं पिवळसर औषध, एवढं सगळं मिक्सरच्या पोटात मळलं जातं. दीडशे अंशांपर्यंत तापलं की खालचं दार उघडतं आणि काळा गोळा धप्पकन पडतो.

दार उघडलं की वास येतो. त्या वेळी तिथे कोण असतं? डोलकाका. हे मिक्सर चालवतात. चालताना डोलतात म्हणून हे नाव. लोक म्हणतात, गुडघा दुखतो. गुडघा म्हणे.

७ फेब्रुवारी

डोलकाकांना केबिनमध्ये बोलावलं. प्रेमाने विचारलं. ते म्हणाले, आयुष्यात घेतली नाही. पिणारा असंच म्हणतो. न पिणाराही असंच म्हणतो, पण त्याचे डोळे स्वच्छ असतात. यांचे लाल. भुकटी उडते म्हणाले.

तोंडाचा वास घेतला. चहा आणि लवंग. लवंग कशाला, विचारलं. दाढ दुखते म्हणाले. गुडघा दुखतो, दाढ दुखते, डोळे दुखतात. या माणसाचं न दुखणारं असं काहीच नाही.

८ फेब्रुवारी

लॅबवाल्या बाई केबिनमध्ये आल्या. रबराचे नमुने ताणून, घासून, फाडून बघणं हे त्यांचं काम. शिकलेल्या आहेत, पण फार बोलतात. म्हणाल्या, डोलकाकांना उगाच छळू नका, तो वास सिलेनचा आहे.

मग लग्नाचं उदाहरण देऊन सांगितलं. सिलिकाचे कण म्हणजे एकाच घरचे पाहुणे. आपापसात कोंडाळं करून बसतात, रबराशी बोलतसुद्धा नाहीत. कणाच्या अंगाला पाण्याची ओढ, रबर पडलं तेलकट स्वभावाचं, दोघांचं जमणार कसं? सिलेन म्हणजे मध्यस्थ. एका हाताने कणाला धरतो, दुसऱ्याने रबराला. कणाला धरताना त्याच्यातून अल्कोहोल सुटतं. वास आला म्हणजे सोयरीक जुळली. काजळीला मध्यस्थ लागत नव्हता, तिचं रबराशी आपसूक जमायचं.

मी शांतपणे ऐकलं (रागावर ताबा). बाई मनाने चांगल्या आहेत, म्हाताऱ्याला वाचवतायत. पण दारू रबर पितं असं मला सांगू नये.

घरी हिला सांगितलं, आपलं लग्न कुठे मध्यस्थाने जमवलं? आपणच जमवलं, आणि बघ. ही म्हणाली, बघतेच आहे.

११ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. पण झोपेतच उपाय सुचला.

माणूस पितो कशाने? उकाड्याने. हॉल तापतो कशाने? मिक्सरने. म्हणून आजपासून दीडशेऐवजी एकशेपंधरालाच गोळा बाहेर काढायचा. डोलकाकांना हुकूम दिला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा सांगितलं, नक्की.

दुपारी दार उघडलं. मी नाक पुढे करून उभा. वास नाही.

पुढची बॅच. नाही. त्याच्या पुढची. नाही. एका दिवसात व्यसन सुटलं. त्यात बॅच लवकर सुटते, त्यामुळे माल जास्त. मालक स्वतः खाली येऊन गेले, पाठ थोपटली. मालकांना रबरातलं फार कळत नाही, पण माणूस कळतो.

१४ फेब्रुवारी

बाईंचा रिपोर्ट. नवा माल घासला की भराभर झिजतो. ताणला की बेताल. मी विचारलं, हार्डनेस? त्या म्हणाल्या, वाढलाय. मी म्हटलं, मग? कडक तेच मजबूत, हे शेंबडं पोर सांगेल.

बाई म्हणाल्या, कडक झालंय कारण कणांनी एकमेकांचे हात धरलेत, रबराचा धरलेला नाही. टायर फिरायला लागला की ते हात सुटतात, पुन्हा धरतात, पुन्हा सुटतात. त्या ओढाताणीत पट्टा आतून तापतो. तापला की खालच्या टायरपासून सुटू शकतो.

शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं. मला तो सूर आवडला नाही. अंगठ्याने नमुना दाबून दाखवला. नखसुद्धा रुतलं नाही.

१५ फेब्रुवारी

धक्कादायक. वास प्रेस विभागात निघाला.

तिथे पट्टा साच्यात दाबून भाजतात. साचा उघडला की तोच वास. म्हणजे इथल्या पिणाऱ्यांनी बाटली तिकडे हलवली. प्रेसवाल्यांची तोंडं हुंगली. एकाने माझ्या तोंडावर जांभई दिली. बाई म्हणाल्या, मिक्सरमध्ये न जुळलेलं सिलेन आता प्रेसमध्ये जुळायला बघतंय, पण तिथे अल्कोहोलला बाहेर पडायला वाट नाही. पट्ट्यात बारीक फोड दिसतायत ते बघा. बघितले. टाचणीच्या टोकाएवढे. एवढ्याशा फोडाने काय होतं? मला उन्हाळ्यात पाठभर येतात.

१८ फेब्रुवारी

सगळ्याचं मूळ सापडलं. तो ड्रम. झाकण उघडून स्वतः हुंगलं, तर मंद, गोडसर, तोच वास. नावाला औषध. सिलेन आजपासून बंद. ड्रम गोदामात, किल्ली माझ्या खिशात.

प्रेसमध्ये वास नाही. हॉलमध्ये वास नाही. कारखान्यात कुठेही नाही. पट्टा तर आणखी कडक. बाई ऐकून केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, आता मध्यस्थच उरला नाही. मग रिपोर्टची फाइल माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. पटलं असावं.

डोलकाका अजून डोलतात. सवय. त्यांची बदली गेटवर केली.

२१ फेब्रुवारी

मेव्हणा घरी आला होता. हिचा धाकटा भाऊ. त्याची एक बस आहे. सकाळी आमच्या वस्तीतल्या पोरांना टेकडीवरच्या कॉलेजला नेतो, संध्याकाळी आणतो. सगळी पोरं त्याला मामा म्हणतात. आमची बारकीही त्याच बसने जाते. ती तर सख्खी भाची, त्यामुळे मागच्या चाकावरची खिडकी तिची ठरलेली.

मेव्हणा म्हणाला, मागचे टायर गुळगुळीत झालेत. मी म्हटलं, माझे नवे पट्टे लाव, पहिला मान तुझा. लग्नानंतर प्रथमच त्याने माझ्याकडे आदराने बघितलं. हिनेसुद्धा न मागता दुसरा चहा आणला.

पट्टे बाहेर सोडताना बाईंनी सही केली नाही. मीच केली. माझी सही जास्त सुवाच्य आहे.

२६ फेब्रुवारी

गोदामातल्या रबराच्या नव्या शीट दिवसेंदिवस कडक होतायत. कापणाऱ्याचं पातं मोडलं, तो शिव्या देत होता. मालाला ताकद आली की हत्यार हरतं. चांगली खूण.

बाकीचा माल गिऱ्हाइकांकडे गेला. मालक म्हणाले, ट्रकवाले, टेंपोवाले, कुणीकुणी नेला. गाडीला हार्डनेस मिळाला म्हणून सगळे खूश.

आज बाईंना जिन्यात गाठून विचारलं, रुसलात का? त्या म्हणाल्या, घाबरलेय. मी म्हटलं, मी आहे ना.

२ मार्च

बारकी जेवताना म्हणाली, मामाच्या बसला नवीन आवाज येतो. खिडकीखाली गूं गूं असं होतं. आज उतारावर थप थप पण झालं. मी समजावलं, नव्या चपलाही आधी कुरकुरतात.

ही म्हणाली, चपला माझ्या पायाखाली असतात, पोरगी चाकावर बसते. बायकांना उपमा समजत नाहीत.

५ मार्च

मेव्हणा म्हणाला, फेरी संपल्यावर टायरला हात लावला तर चटका बसला. पूर्वी कोमट असायचा. मी म्हटलं, पळून आलेल्या माणसाचं अंग गार असतं का? तो हसला. फार नाही हसला. मग म्हणाला, भाऊजी, तुम्ही म्हणताय म्हणून ठेवतो.

तुम्ही म्हणताय म्हणून. माणसाने असा विश्वास कमवावा लागतो.

८ मार्च

भयंकर प्रकार. मी नसताना लॅबवाल्या बाई घरी आल्या. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहून हिला म्हणाल्या, मुलीला त्या बसने पाठवू नका. जमलं तर भावालाही पट्टे उतरवायला सांगा. साहेब माझं ऐकत नाहीत, मालक साहेबांचं ऐकतात, म्हणून तुमच्याकडे आले. पाणी दिलं तर तेही घेतलं नाही, निघून गेल्या.

घरात नाक खुपसायचा हा काय प्रकार? संध्याकाळी हिने विचारलं, बाई खोटं बोलण्यासारख्या वाटल्या नाहीत, खरं काय ते सांगा. मी मालकांनी पाठ थोपटल्याचं पुन्हा सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही नाकाने कांदे सोलत बसा, बारकी उद्यापासून दुसऱ्या गाडीने जाईल.

तिथे मात्र मी ठाम राहिलो. उद्या अख्खी वस्ती विचारेल, पट्टे यांचे आणि यांचीच मुलगी बसमध्ये का नाही? बारकीला बोलावलं. म्हटलं, बाळा, तुझ्या बाबांच्या पट्ट्यावर तूच नाही बसलीस तर कोण बसणार? तिने आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, बरं.

शहाणी मुलगी. माझ्यावर गेली आहे.

९ मार्च

झोप नीट लागली नाही. डास असावेत.

११ मार्च, पहाटे

आज फिरायला गेलो. महिनाभराचा संकल्प पूर्ण.

पाय आपोआप मेव्हण्याच्या गल्लीकडे वळले. बस भिंतीला लागून उभी होती. मागच्या चाकाखाली काळे कण पडले होते. उंदराच्या लेंड्या दिसतात तसे, पण पुष्कळ. पट्ट्याच्या कडेला एक चीर. बोट घातलं. नखाएवढं आत गेलं. मग पेराएवढं गेलं.

कडेची चीर ही कडेचीच असते. मधला भाग उत्तम आहे, अंगठ्याने दाबून बघितला.

मेव्हणा उठला असता तर उगाच काळजीत पडला असता. म्हणून भिंतीशी टेकवलेल्या झाडूने कण गोळा करून गटारात टाकले. जागा स्वच्छ झाली. बाहेर पडताना मात्र काय वाटलं कुणास ठाऊक, दार ठोठावावं म्हणून परत फिरलो. आत दिवा लागला, मेव्हणा खाकरल्याचा आवाज आला. मी भराभर चालत घरी आलो. चालण्याने तब्येत सुधारते.

११ मार्च, सकाळी

बारकी डबा घेऊन निघाली. मी म्हटलं, आज पुढच्या सीटवर बस. तिने विचारलं, का? म्हटलं, मागे ऊन येतं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, पुढे मामाच्या मित्राची आई बसते, पायाने अधू आहे. माझी जागा मागेच.

परवापासून सिलेन पुन्हा थोडं घालायचं का, यावर विचार करायचा, असा विचार केला आहे.

११ मार्च, रात्री

रस्ता खराब होता.

हे वाक्य लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं. रस्ता नवाकोरा आहे, गेल्याच महिन्यात केलाय. खोडलं.

१२ मार्च

टेकडी उतरताना मागच्या उजव्या चाकाचा पट्टा सुटला. एका दमात, सालीसारखा. सुटलेला पट्टा फिरत फिरत खालच्या पत्र्यावर आपटला, बारकीच्या खिडकीखालचा पत्रा फोडून आत आला. बस दगडी कठड्यावर घासत गेली आणि थांबली. कठडा नसता तर, हे मेव्हणा दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा वाक्य पुरं केलं नाही.

बाकी पोरांना खरचटलंय. मेव्हण्याच्या बरगड्या मोडल्या. बारकीचा उजवा हात कोपरापासून चेंगरला. काल रात्रीच ऑपरेशन झालं. दोन बोटांचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

पोलिसांनी आधी काय केलं असेल? रस्त्याच्या कडेला बरगड्या धरून बसलेल्या माझ्या मेव्हण्याला तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला.

काही आला नाही.

१३ मार्च

ही हॉस्पिटलमध्ये माझ्याशी बोलत नाही. डबा घेते, उघडते, बंद करून परत देते.

बारकी जागी होती. मी म्हटलं, बाळा, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, बाबा, त्या लॅबवाल्या काकू आल्या तेव्हा मी आत होते, सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, मग गेलीस कशाला? ती म्हणाली, तुम्ही सांगितलं होतंत ना.

मला वाटलं ती रागाने म्हणेल. तिने साधं म्हटलं, वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं.

झाडूचं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय. वाचणारा मी एकटाच आहे.

१८ मार्च

मालकांनी पाठ थोपटलेली विसरून टाकली. चौकशी संपेपर्यंत हॉल बाईंच्या ताब्यात. डोलकाका गेटवरून परत मिक्सरवर आले. डोलत. ड्रमची किल्ली मी बाईंना दिली. त्यांनी घेतली, खिशात टाकली. दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला काय काम, विचारलं. बाई म्हणाल्या, तुमचं नाक कोरं आहे म्हणता ना? मिक्सरच्या दाराशी उभे राहा. प्रत्येक बॅचला दार उघडलं की वास आला का ते सांगायचं. थट्टा नव्हती. मीटर आहेतच, तरी माणूसही हवा, म्हणाल्या.

उभा राहिलो. काटा दीडशेवर गेला. डोलकाकांनी दार उघडलं. गोळा पडला, वाफ वर आली. गोडसर, ओळखीचा, पहिल्या दिवशी आला होता तोच. माझे डोळे लाल झाले. भुकटी उडते.

डोलकाकांनी विचारलं, आला? म्हटलं, आला. त्यांनी खिशातली लवंग काढून मला दिली.

२० मार्च

फिरायला जातो. रोज. संकल्प म्हणून नाही.

बाकीचे पट्टे कोणकोणत्या गाड्यांवर चढले ते मालकांचा माणूस शोधतोय. काही सापडले, उतरवले. काही गाड्या पुढे दुसऱ्या गावांना गेल्यात, त्यांचा पत्ता नाही. हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला थांबतो. ट्रक जातो, टेंपो जातो, पोरांची एखादी बस जाते. ड्रायव्हर खिडकीतून बघतात, हा माणूस वाकून काय बघतोय म्हणून. मी मागची चाकं बघतो. चालत्या गाडीचा पट्टा ओळखू येत नाही.